सव्वीस सेकंदांचे तात्या

चहाच्या टेबलाशी बसलं की ते आधी स्वतःचा मोबाईल खिशातून काढायचे, पालथा टेबलावर ठेवायचे आणि समोरच्याकडे बघत राहायचे. समोरच्यानेही आपला मोबाईल काढून पालथा ठेवेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. कुणी हसून विचारलं, "काय तात्या, आमच्यावर भरवसा न्हाय व्हय?" तर म्हणायचे, "तुज्यावर हाय. ह्येच्यावर न्हाय." आणि ताटात पडलेली माशी बाजूला करावी तसा तो मोबाईल बोटाने लांब सरकवायचे.

मी तेव्हा बारामतीत इंदापूर रस्त्यालगतच्या एका स्टुडिओत व्हिडिओ कापायचं काम करत होते. खाली ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, वर आम्ही. लग्नसराईत लग्नं, अधूनमधून बारशी आणि वाढदिवस, आणि कुठलीही निवडणूक जवळ आली की पुढाऱ्यांच्या क्लिपा. एकाच्या चालण्यामागे ढोल लावायचा, दुसऱ्याच्या अडखळण्यावर हसण्याचा आवाज चिकटवायचा. मालकांना आम्ही सर म्हणायचो. त्यांचा नियम एकच होता, तीस सेकंदांच्या आत. त्यापुढे माणूस अंगठ्याने वर सरकवतो.

तात्या वरकुट्याकडच्या एका गावातले. त्यांच्या गावात कालव्याच्या पाण्याची संस्था होती. तिची सभा झाली की सभेचं चित्रीकरण असलेलं कार्ड सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून ते बाजाराच्या दिवशी एसटीने यायचे. त्याच्या दोन प्रती करायच्या, एक संस्थेसाठी, एक त्यांच्यासाठी. पाच मिनिटांचं काम. पहिल्यांदा आले तेव्हा मी पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिला.

"पूर्ण हाय का?"

"हो, पूर्ण आहे."

"बघून जातो की."

आणि माझ्या मागे खुर्ची ओढून ते बसले. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला ते स्वतः उभे राहून हातातलं घड्याळ कॅमेऱ्याला दाखवायचे आणि मोठ्याने वेळ सांगायचे, सभा संपल्यावर पुन्हा सांगायचे. लोक हसायचे. आता माझ्या मागे बसून, तेच घड्याळ काढून हातात धरून, त्यांनी अख्खे दोन तास मोजले. मधे एक मिनिटही कुणी काढलेलं नाही याची खात्री पटल्यावर उठले.

पाठीमागे कुणी बसलेलं मला चालत नाही. तुमच्यातल्या ज्या मुली एकट्याने नोकरी करतात त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. त्या दिवशी मी मैत्रिणीला इंग्रजीत मेसेज केला की एक म्हातारा मागे बसलाय आणि हलत नाहीये. मागून आवाज आला, "माज्याबद्दल लिवतीस न्हवं? लिव. पर पूर्ण लिव."

माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमातली. अनोळखी माणसाशी बोलताना मी वाक्य आधी मनात जुळवून घेते, मग तोंडाबाहेर काढते. ते दोन-तीनदा ऐकून तात्या म्हणाले, "पोरी, तू बोलतीस का बातम्या देतीस?" मला राग आला होता. पण पुढच्या बाजाराला त्यांनी खुर्ची माझ्या मागे न ठेवता शेजारी, जरा लांब ठेवली. मी काही बोलले नव्हते. त्यांना कसं कळलं, याचाही मला काही दिवस संशयच येत होता.

खालच्या टपरीवर लोक त्यांना मुद्दाम क्लिपा दाखवायचे. एकदा एक पुढारी पूरग्रस्तांसमोर रडतानाची क्लिप आली होती. टपरीवाल्याचेही डोळे पाणावले. तात्या म्हणाले, "रडू यायच्या आधीच क्यामेरा म्होरं कसा जाऊन बसला?" दुसऱ्या क्लिपमध्ये एक उमेदवार चिखलात रुतलेली बैलगाडी ढकलत होता. "गाडी रुतलीती का रुतवलीती?"

या संशयापायी ते तोंडावरही पडायचे. शेजारच्या उसात बिबट्या फिरतानाची क्लिप गावात आली, तेव्हा त्यांनी ती कुठल्या तरी परमुलखातली म्हणून उडवून लावली. तिसऱ्या दिवशी बिबट्याने त्यांचीच शेळी नेली. टपरीवर सगळे वाट बघतच होते. "काय तात्या, आता?" तात्यांनी बशीतला चहा शांतपणे संपवला. "क्लिप खोटीच हुती. ह्यो बिबट्या निराळा."

त्यांची आणखी एक रीत मला त्या लांबलचक सभा बघताना कळली. ते भांडताना आधी समोरच्याची बाजू मांडायचे. तोंडदेखली नाही, जीव ओतून. समोरच्याला सुचले नसतील असे मुद्दे, त्याच्याच आवाजात, त्याच्याच तावात. एकदा तर विरोधातला माणूस उभा राहून म्हणाला, "तात्या, माजं येवढं चांगलं तर मला बी मांडाय येत न्हाय." सगळी सभा हसली. मग तात्या गप्प व्हायचे, ग्लास उचलायचे, दोन घोट पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "आता माजं ऐका." त्यानंतर मघाशी स्वतःच रचलेलं सगळं एकेक वीट काढून उतरवायचे.

हे असं का, मी एकदा विचारलं.

"त्येचं आपुनच नीट बोललं की त्येला वरडाय काय उरत न्हाय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "दोन येळा असं बी झालंय, त्येचं सांगता सांगता मलाच पटलं. मग पाणी पिलो आन बसलो खाली."

मला हा माणूस आवडायला लागला होता तो तेव्हापासून. म्हणून पुढचं लिहायला जड जातंय.

त्या वर्षी सभेपुढे उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळीचा प्रश्न होता. कालव्यातून निघणाऱ्या चारीच्या तोंडाशी ज्यांची रानं, त्यांना हेडचे म्हणतात. शेवटाला ज्यांची, ते टेलचे. तात्या हेडचे. त्यांची थोरली बहीण, आक्का, गावातच टेलच्या वस्तीवर दिलेली. दोन एकर रान, त्यात मका आणि कडवळ, त्यावर चार गाई. यंदा टेलची पाळी बंद ठेवावी असा ठराव हेडच्या काही लोकांनी आणला होता. तात्या उठले आणि रीतीप्रमाणे आधी ठराववाल्यांचं बोलले.

"पाणी सोडायचं नदीयेवढं आन टेलला पोचायचं करंगळीयेवढं. निम्मं वाटंतच मुरतं. टेलवाल्यांनी गुरं इकावीत, रानं पड ठेवावीत. पाण्याचा नास करायचा कशापायी?"

मग पाणी प्याले. आणि मग पाऊण तास त्यांनी तो ठराव सोलून काढला. "चारी फुटलीया ती आमच्या रानात. मुरतंय ते आमच्या उसात. चोरी आमची आन शिक्षा त्यास्नी?" शेवटी ठराव पुढच्या सभेवर गेला. बाजाराच्या दिवशी ते कार्ड घेऊन आले, शेजारी बसून सगळं बघितलं, घड्याळ मनगटावर चढवलं आणि खुशीत गेले.

संध्याकाळी सर म्हणाले, "त्या सभेतलं कुणाचं तरी जोरात बोललेलं अर्ध्या मिनिटाच्या आतलं काढून दे. खाली अक्षरं टाक. एका पार्टीला आपल्या कामाचा नमुना दाखवायचाय."

बाकीचे लोक माइकपासून लांब बोलत होते. तात्यांचा आवाज खणखणीत होता. व्हिडिओ कापणारा माणूस शब्द ऐकत नाही, पडद्यावर आवाजाच्या लाटा बघतो. लाट सपाट होते तिथे वाक्य संपलेलं असतं, तिथे कापलं की झटका बसत नाही. तात्यांनी ग्लास उचलला होता तिथे लाट छान सपाट होती. मी कापलं. सव्वीस सेकंद भरले.

सरांनी ते दोनदा बघितलं. "काय जागी कापलंस!" ते म्हणाले आणि हसले. ते हसणं मला बरं वाटलं नाही. मी ते भाषण दुपारी शेवटपर्यंत ऐकलेलं होतं, तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला शंका आली, आणि मी मॉनिटर बंद करून घरी गेले.

तीन दिवसांनी ती क्लिप कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर माझ्याकडेच आली. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'टेलवाल्यांनो, आपला माणूस ओळखा'. मागे हसण्याचा आवाज. खालची अक्षरं माझीच होती.

तात्या आले ते बाजाराच्या दिवशी नाही, मधेच. हातात कार्ड नव्हतं. त्यांनी मोबाईल माझ्यासमोर ठेवला आणि या वेळी पालथा ठेवला नाही.

"ह्ये हितनं गेलंय का?"

"इथून गेलेलं नसावं. आमच्याकडून असा कोणताही व्हिडिओ बाहेर दिला जात नाही," मी म्हणाले.

आतून सर म्हणाले, "तात्या, सभेत शंभर मोबाईल असत्यात. कुणाकुणाला धरणार?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, सरांच्या दाराकडे बघितलं, मोबाईल उचलला. "आक्का माजा फोन उचलंना," एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

पुढच्या बाजारापर्यंत मला नीट जेवण गेलं नाही. सर क्लिपांच्या गोष्टी सांगत होते, मी मान हलवत होते आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या आधी काय होतं, नंतर काय होतं, याचा विचार करत होते. बाजाराच्या दिवशी तात्या खाली टपरीवर एकटेच दिसले. मी उतरले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "तात्या, ते मी कापलं."

"सांगितलं कुणी?"

"सरांनी. पण कुठे... कुठे कापायचं, ते मीच ठरवलं."

त्यांनी बशी खाली ठेवली. "मला ठावं हुतं."

"कसं?"

"त्या दिशी तू अडखळली न्हाईस. बातम्या दिल्यास. येरवी आता माज्यासंगं अडखळतीस." मग म्हणाले, "रैवारी आक्काकडं चल. तिला ह्येच सांग. आन ती सभा घे बरुबर, सगळी."

रविवारी मी लॅपटॉप घेऊन एसटीने गेले. तात्या फाट्यावर थांबले होते. आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा आक्का गाईंसाठी पेंड कालवत होती. भावापेक्षा उंच, तशीच ताठ मान. तिने आमच्याकडे बघितलं आणि पेंड कालवत राहिली. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात. कुणी दिलं नाही.

शेजारची चार-पाच माणसं गोळा झाली. मी पत्र्याच्या सावलीत लॅपटॉप उघडला. पडद्यावर तात्या उठले, घड्याळ दाखवून वेळ सांगितली. माणसं हसली. मग सचिवाने मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. तो वाचतच राहिला. दहा मिनिटांत एक माणूस मोटर बघायला गेला, दुसरा त्याच्यामागे गेला.

"तात्या, मी थेट तुमच्या भाषणावर नेते," मी हळूच म्हणाले.

"न्हाय. उडी मारलीस की मग त्यो क्लिपवाला आन आपुन सारखंच."

अर्ध्या तासाने तिथे आम्ही तिघंच उरलो होतो, आणि पडद्यावर अजून ताळेबंद चालू होता. आक्काने हात धुतले.

"मला दोन तास न्हाईत, गुरं हायत. येवढंच सांग. मोबाईलमधी तूच हायस न्हवं?"

"व्हय."

"आवाज तुजाच हाय न्हवं?"

"व्हय."

"मग झालं की."

आता बोलायची पाळी माझी होती. मी म्हणाले, "आक्का, ही चूक माझी आहे. तात्यांचं संपूर्ण म्हणणं वेगळं होतं. त्यातला फक्त सुरुवातीचा भाग मी कापून घेतला आणि त्यामुळे आपला गैरसमज झाला. मी आपली मनापासून क्षमा मागते."

आक्काने मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. मग भावाला म्हणाली, "हिला कुठनं आणलीस? बोलाय चांगली शिकवलीया." आणि मला, "किती दिस पाठ करत हुतीस बाई?"

मला नाही म्हणता आलं नाही. बारामती सोडल्यापासून मी तेच पाठ करत होते.

मला वाटलं, आता तात्या चिडतील, शपथा घेतील. ते पायरीवर बसले. लॅपटॉपकडे बोट करून मला तो मिटायला लावला. आणि गाईंकडे बघत बोलायला लागले.

"आक्काचं म्हणणं असं हाय. बाप गेला तवा बहिणीनं रानावरचा हक्क सोडला. सही कर म्हणलं, केली. काय मागितलं न्हाय. वरचं रान भावाला ऱ्हायलं, चारीच्या तोंडाशी. तिच्या चार गुरास्नी पाणी पोचायच्या आदी भावाचा ऊस भिजतो. येवढी वर्सं तिनं कदी इचारलं न्हाय, की टेलचं पाणी वाटंत मुरतं ते कुनाच्या रानात. इचारायचं काय? तिला ठावं हाय. चारी फुटलीया ती भावाच्याच बांधाला. त्यानं बुजवली न्हाय. आन त्योच भाऊ चार मान्सांत म्हणतो, गुरं इका. मग तिनं ते खोटं का मानावं? आजवर भावानं येगळं काय केलंय?"

ते थांबले. सवयीने त्यांचा उजवा हात बाजूला गेला, ग्लास शोधत. तिथे काही नव्हतं. हात तसाच मांडीवर आला.

आक्काने हात पदराला पुसले. मग आत गेली. तांब्या आणला, त्यांच्यासमोर ठेवला. ते घटाघटा प्याले. मी वाट बघत होते. आता ते म्हणतील, आणि मग पाऊण तास बोलतील, आणि सगळं सरळ होईल. त्यांनी तोंड पुसलं आणि उठून पायात चपला सरकवल्या.

आम्ही वाटेला लागलो तेव्हा मागून आक्काचा आवाज आला. "येत जा." आणि लगेच, "पर हिला आणू नगंस."

फाट्यावर एसटीची वाट बघताना मी विचारलं, "तुमचं सांगितलंच नाहीत."

"माजं काय उरलंच न्हवतं त्यात," तात्या म्हणाले.

त्यानंतर ते स्टुडिओत आले नाहीत. आक्काने मला वस्तीवर आणू नको म्हटलं होतं. त्यांनी ते शब्दाच्या पुढे जाऊन पाळलं असावं, किंवा त्यांचा माझ्यावरचा उरलासुरला भरवसाही गेला असावा. मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला आहे. टपरीवर ते बसायचे ती जागा आता दुसऱ्या लोकांची झाली, आणि ते सगळे मोबाईल उताणे ठेवून चहा पितात.

पुढच्या सभेचं कार्ड संस्थेचा सचिव घेऊन आला. प्रत करून देऊन मी ती सभा एकटीच बघितली. तात्यांनी आधी सांगून टाकलं की बांधावरची फुटलेली चारी त्यांनी त्या आठवड्यात बुजवली आहे. मग ठराव आला. ते उठले आणि पुन्हा तसेच, जीव ओतून, ठराववाल्यांची बाजू मांडायला लागले. मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले. सभागृहात सात-आठ मोबाईल वर झालेले दिसत होते. तात्या गप्प झाले, त्यांनी ग्लास उचलला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून बाईचा आवाज आला. त्या सभांना बायका येत नसत. "आरं, थांबतुयास कशाला? बोल म्होरं!"

सगळी सभा हसायला लागली. तात्यांना पाण्याचा ठसका लागला. पुढे अर्धा तास ते बोलले, आणि टेलची पाळी कायम राहिली.

सरांनी मागून येऊन विचारलं, "काय निघतंय का त्यात?"

मी लाटा बघितल्या. तात्या जिथे थांबतात तिथे आक्काचा आवाज होता, त्यावर सगळ्यांचं हसणं, त्यावर त्यांचा ठसका. कुठेच सपाट नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. ते गेल्यावर मी एका जागी चित्र थांबवलं. तात्यांचा सदरा छातीवर भिजलेला, ग्लास अजून हातात, आणि ते संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या टेबलाकडे पाठ करून मागच्या रांगेकडे बघतायत. थोडा वेळ तसंच बघत बसले. मग त्यांना असं थांबवून ठेवणंही बरं वाटेना, आणि मी चित्र पुढे जाऊ दिलं.